अंकल पै सगळ्यांना आठवतात, राम वाईरकर कुणाला?

तापीकाठचा | २४ फेब्रुवारी, रात्री ९:४२

आज अमर चित्र कथेच्या अनंत पैंचा, म्हणजे आपल्या अंकल पैंचा, स्मृतिदिन. २०११ साली याच तारखेला ते गेले. दिल्लीत देशातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं होतं, तिथे जीवनगौरव स्वीकारून त्यांना आठवडाही झाला नव्हता. मी तेव्हा जळगावला नोकरीला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरलो तर टेबलावर तीन वेगवेगळे पेपर उघडून ठेवलेले. "तुझे अंकल पै गेले रे." घरातलं कुणी गेल्यासारखे लोक भेटायला येत होते. मीही दिवसभर जरा सुतकी चेहरा करून बसलो.

त्याच आठवड्यात त्यांच्यावरचा एक लेख वाचताना मध्येच एक ओळ आली, की चित्रकार राम वाईरकर २००३ मध्ये निवर्तले.

म्हणजे आठ वर्षं तो माणूस या जगात नव्हता आणि मला पत्ता नाही. ज्याचा कृष्ण बघून मी देवघरातल्या कृष्णाला नाकीडोळी चुका काढायचो, तो माणूस! घरचं कुणी गेलं असेल तर ते हेच. आणि कुणी माझ्या टेबलावर पेपर आणून ठेवला नव्हता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. पै मूळचे कारकळचे, जन्म १९२९ चा, लहानपणीच आईवडील गेले, बाराव्या वर्षी मुंबईला आले. शिकले केमिकल टेक्नॉलॉजी आणि रमले पोरांच्या पुस्तकांत. १९६७ मध्ये दिल्लीत एका दुकानातल्या टीव्हीवर त्यांनी प्रश्नमंजुषा पाहिली. मुलांना ग्रीक देवांची नावं येत होती, पण रामाच्या आईचं नाव येईना. त्यातून अमर चित्र कथा निघाली. पहिला भारतीय अंक 'कृष्ण', शब्द पैंचे, चित्रं वाईरकरांची. पुढे १९८० मध्ये मुलांचं टिंकल आलं, आणि टिंकलमधला सुप्पंडीही वाईरकरांच्याच हातचा. तो निळा, देखणा कृष्ण आणि तो काडीसारखा येडबंबू सुप्पंडी एकाच बोटांतून उतरले आहेत. हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं.

तर दोन प्रश्न. एक, अमर चित्र कथेतलं कोणतं चित्र तुमच्या डोक्यात खिळ्याने ठोकल्यासारखं बसलंय, आणि ते कुणी काढलं होतं हे माहीत आहे का? दोन, अमळनेरच्या घरी माळ्यावर पत्र्याची पेटी आहे. आत दोनशेच्या वर मराठी अंक. मोठे बंधू म्हणतात, "वाळवी लागायच्या आत रद्दीत घाल." काय करू?

भरीतपुरी | २४ फेब्रुवारी, रात्री ९:५८

पहिला!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पत्ता पाठवा, पेटी न्यायला मी येतो. बंधूंना रद्दीच्या भावापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त देईन.

नीलम_धुळे | २४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

चित्र म्हणाल तर 'शिवाजी'मधली घोडी. महाराज नंतर, आधी घोडी. मान वळवून, नाकपुड्या फुगवून उधळलेली. मी पाचवी-सहावीत असताना ती पंधरा-वीस वेळा तरी काढली असेन आणि प्रत्येक वेळी माझी घोडी बकरीसारखीच दिसली. चित्रकार प्रताप मुळीक, पुण्याचे. हे मात्र मला तेव्हापासून माहीत होतं, कारण आमच्या वडिलांना छापील नावं वाचायची सवय. सिनेमा सुरू झाला की पाट्या संपेपर्यंत बोलू द्यायचे नाहीत.

वरणगावकर | २४ फेब्रुवारी, रात्री १०:४४

आमच्याकडे वेगळीच गंमत झालेली. अमर चित्र कथेच्या आधी घरात इंद्रजाल कॉमिक्स होतं. तेही पैंचंच लेकरू म्हणायला हरकत नाही, १९६४ मध्ये टाइम्सच्या पुस्तक विभागात असताना ते त्याच्या जन्मात होते. पहिला नायक वेताळ, म्हणजे फँटम.

आता आमच्या गावात वेताळ म्हणजे शिवेबाहेरचा शेंदूर फासलेला दगड. अमावस्येला नारळ, नाही तर गाव झोपत नाही. थोरल्या काकांनी भुसावळ स्टेशनवरच्या स्टॉलवरून अंक आणला आणि मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायला लागलो, "वेताळ येत आहे!" आजी आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. पुस्तक हातात घेतलं. जांभळ्या घट्ट कपड्यातला माणूस बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाली, "हा आपला नाही. आपला असता तर धोतर नेसला असता."

ती परवानगी समजून मी पुढचे सगळे अंक वाचले.

सातपुडा_पॅसेंजर | २४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

@वरणगावकर आजीला साष्टांग. भो, इतके वर्स झाले, हीच शंका मले बी होती!

स्पष्टबोल्या | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

धागा गोड आहे. दूध-साखर जास्त झाली म्हणून थोडं मीठ टाकतो, हलके घ्या.

अमर चित्र कथेत राक्षस कोणत्या रंगाचे? काळे-तपकिरी, जाड ओठांचे, मिशाळ. राजपुत्र? गोरे, नाजूक, चकचकीत. राजकन्या? सगळ्या एकाच साच्यातल्या, कमरेला हात आणि डोळ्यात पाणी. आपण खानदेशातली उन्हात करपलेली पोरं. आरशात बघितलं की आपण नेमके कोणाच्या बाजूचे दिसायचो? पै मोठे संपादक होते, मान्य. पण हे सगळं संपादकाच्या टेबलावरूनच गेलं ना?

आणि 'सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्, न ब्रूयात् सत्यमप्रियम्' हे सुभाषित आपलं धोरण म्हणून पै स्वतःच सांगत. म्हणजे कडू ते गाळायचं हे ठरवूनच होतं. इतिहास असा गाळून घेतला की सरबत होतं.

भरीतपुरी | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:३१

कृष्ण पण सावळाच होता की. त्याला निळा केला म्हणून चालला.

चित्रकला_मास्तर | २५ फेब्रुवारी, दुपारी १:५०

मधल्या सुट्टीत लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

स्पष्टबोल्यांचा मुद्दा मला वर्गात भेटला आहे. चोपडा तालुक्यातल्या शाळेत होतो. सातवीला 'गोष्टीचे चित्र काढा' दिलं. छत्तीस पोरं, त्यातल्या तिसेक जणांचा राक्षस काळा कुळकुळीत. मी सहज विचारलं, "असं कोण दिसतं रे तुमच्या घरात?" वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "सर, माझे आजोबा. पण ते केळीच्या बागेत पाणी देतात." तो हसत नव्हता. मलाही नंतर हसता आलं नाही. तेव्हापासून मी राक्षस काढायला सांगताना रंगपेटीतला काळा आणि तपकिरी खडू काढून घेतो. हिरवे, पिवळे, जांभळे राक्षस येतात, एकदम झकास.

पण याच मापाने वाईरकर, मुळीक, दिलीप कदम या चित्रकारांना एका टोपलीत टाकू नका. ते फक्त तोंडवळ्याचे चित्रकार नव्हते. चौकट कशी लावायची, नजर डावीकडून उजवीकडे कशी न्यायची, कुठे माणूस जवळ आणायचा, कुठे नुसती सावली दाखवायची, हे मी आर्ट टीचर डिप्लोमाला शिकलोच नाही. बत्तीस पानी अंकांत शिकलो.

आणि आपण जळगाव जिल्ह्यातले लोक चित्रकथेवर बोलताना अजिंठा विसरतो याचं मला नेहमी नवल वाटतं. तासा-दीड तासावर आहे. सतरा नंबरच्या लेण्यात वेस्संतर जातक बघा, बुद्धाच्या पूर्वजन्मीची गोष्ट. तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. राजवाड्यात दान देताना, मग रथातून निघताना, मग अरण्यात. मध्ये चौकटीची रेघ नाही. खांब, झाड, दरवाजा यांनीच प्रसंग तोडलेले. पोरांना सहलीला नेलं की मी म्हणतो, "हे वाचा." ती म्हणतात, "सर, अक्षरं कुठंयत?" मी म्हणतो, "फुगे काढायचे राहिले त्यांचे."

आणि तिथला माणूस सावळाही आहे बरं. राजाही, राणीही. तेव्हा चूक चित्रकथेच्या रक्तात नाही. ती मागाहून लागलेली खोड.

स्पष्टबोल्या | २५ फेब्रुवारी, दुपारी २:१०

मास्तर, शेवटच्या परिच्छेदासाठी माझं निम्मं मीठ परत घेतो. निम्मं राहू द्या.

तापीकाठचा | २५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

@स्पष्टबोल्या राहू द्या, चव येते. मीही 'कृष्ण' आता वाचतो तेव्हा पूतनेपाशी थबकतो. फक्त एवढंच म्हणेन की पैंना शिव्या घालतानाही आपण पैंनाच घालतो. त्या राक्षसाच्या मिशा प्रत्यक्ष कुणी वळवल्या, त्याचं नाव शिव्यांतही येत नाही.

@मास्तर, अजिंठ्याच्या चित्रकारांची तरी नावं कुठे राहिली म्हणा.

प्रेसवाला | २५ फेब्रुवारी, रात्री ९:१२

चित्रकारांचं नाव दिसत नाही याचं थोडं कारण आमच्या धंद्यातही आहे. माझी धुळ्यात तीस वर्षं ऑफसेट होती. लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांची लेबलं, निवडणुकीचे पोस्टर, काय वाटेल ते.

रंगीत छपाईला चार प्लेटी लागतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. चित्रकथा अनेक भाषांत काढायची असेल तर रंगांच्या तीन प्लेटी त्याच राहतात, बदलते फक्त काळी, कारण अक्षरं काळीवर असतात. म्हणजे चित्र एकदाच तयार, आणि फुग्यातला मजकूर मराठी, बंगाली, मल्याळम असा पालटत जातो. यात फुग्याचं माप ठरतं इंग्रजीवर. मराठी वाक्य पडतं लांब. मग फुग्यात अक्षरं अशी कोंबलेली दिसतात, जशी आषाढीला एसटीत माणसं. ज्यांना वाटतं की मराठी अंकात अक्षर बारीक का, त्यांच्यासाठी हे उत्तर.

दुसरं, प्लेट केसभर सरकली की रंग रेघेबाहेर जातो. माझ्याकडच्या एका अंकात राणीच्या ओठांचा लाल तिच्या गालावर गेलाय. लहानपणी मला वाटायचं कुणीतरी तिला थोबाडीत मारलीय आणि गोष्टीत पुढे त्याचा उलगडा होईल. शेवटच्या पानापर्यंत वाट पाहिली. पुढे स्वतःचं मशीन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एका नवरदेवाचा फेटा त्याच्या कानावर गेला, तेव्हा तो उलगडा झाला.

सुरुवातीच्या अंकांत पिवळा, निळा, हिरवा एवढेच रंग जास्त दिसतात, तेही खर्चाचंच गणित. तेवढ्यात त्या माणसांनी दरबार उभे केले, हे छापणाऱ्याला विचारा काय चीज आहे.

नीलम_धुळे | २५ फेब्रुवारी, रात्री ९:४०

प्रेसवाले काका, तुमच्याकडे आमच्या ताईची पत्रिका छापली होती का हो? त्यात गणपतीला दोन सोंडा होत्या.

प्रेसवाला | २५ फेब्रुवारी, रात्री ९:४४

साल सांगू नका, मी मान्य करतो.

संग्रहखोर | २५ फेब्रुवारी, रात्री ११:२०

जुने अंक जमवणाऱ्या नव्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो: 'कृष्ण' पहिला, तर त्याच्यावर क्रमांक ११ का? एक ते दहा कुठे आहेत? मी स्वतः दोन वर्षं रद्दीची दुकानं पालथी घातली. नाशिक, मालेगाव, बऱ्हाणपूर. एका दुकानदाराने तर "आठ नंबर आहे, गोडाऊनमध्ये" म्हणून तीनदा चहा पाजून घेतला.

उत्तर असं की पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे. जॅक आणि त्याचा वेल, सिंड्रेला वगैरे, कन्नडमधून सुरुवात झालेली. आपल्या गोष्टी अकरापासून. म्हणजे ज्या मालिकेला आपण भारतीय संस्कृतीचा खजिना म्हणतो, तिचा पाया सिंड्रेलाने घातलाय.

बाकी तापीकाठचा, पेटीतल्या अंकांची यादी टाका ना. विकत नाही, नुसती बघायची आहे. (खरंच.)

भरीतपुरी | २५ फेब्रुवारी, रात्री ११:२२

वरील कंसावर कुणीही विश्वास ठेवू नये. माझी बोली अडीच रुपये जास्त.

निळी_वही | २६ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

माझं चित्र 'बाबासाहेब आंबेडकर' अंकातलं आहे. लहान भीम तहानलेला आणि कुणी पाणी देत नाही. चित्रकार दिलीप कदम, अंक १९७९ चा. आमच्या भुसावळच्या घरात देवादिकांचे अंक येत नव्हते. वडील रेल्वेत, म्हणायचे, "त्यात आपलं काय आहे?" हा एक अंक मात्र त्यांनी चौदा एप्रिलला आणला, खाकी कव्हर घातलं, आणि कव्हरावर आपल्या अक्षरात नाव लिहिलं. कोणाला द्यायचा नाही, घरीच बसून वाचायचा. शेजारच्या कॉलनीतली पोरं वाचायला यायची तेव्हा आई आधी त्यांना पाणी द्यायची, मग पुस्तक. हा योगायोग नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

स्पष्टबोल्या म्हणतात ते माझ्या घरी रोज बोललं जायचं. तरीही त्या एका अंकासाठी मी पैंना मानते. उशिरा काढला, पण काढला. आणि कदमांनी त्या पोराचा चेहरा दीनवाणा केला नाही. तो रागावलेला आहे. वडील त्याच चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे बघ."

तापीकाठचा | २६ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

निळी_वही, काय लिहू कळत नाही. आईला नमस्कार सांगा.

सातपुडा_पॅसेंजर | २६ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

आमच्या रावेरकडे मराठीपेक्षा हिंदी कॉमिक्स जास्त यायचे, बऱ्हाणपूर जवळ पडतं ना. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, दुपारी बाहेर पडायला बंदी. मग गल्लीतला एक मोठा पोरगा दोन निंबांच्या मधी सुतळी बांधायचा आणि तिच्यावर कॉमिक्स वाळत घातल्यासारखे टांगायचा. जागेवर बसून वाचायचे दहा पैसे, घरी न्यायचे पंचवीस. पान फाटलं तर वर्षभर उधारी बंद. चाचा चौधरी, साबू, नागराज, सगळे सुतळीवर.

मजा अशी की नागराज राज कॉमिक्सचा, १९८६ चा. त्याचे पहिले अंक प्रताप मुळीकांनीच काढले. नीलमताईंची घोडी आणि आमचा सापवाला एकाच घरचे निघाले! तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी ताईंच्याही गल्लीत सुतळी बांधून दहा पैसे कमवले असते.

अहिराणी_माणूस | २६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मना भाऊ सुप्पंडीच शे. बापनी सांगं, "गाय बांधी ये." यानी बांधी. गोठामा नही, शेजारीना दारले.

(मराठीत: भाऊ सुप्पंडी. गाय बांधायला पाठवला, शेजाऱ्याच्या दाराला बांधून आला.)

नीलम_धुळे | २६ फेब्रुवारी, दुपारी १:४०

सुप्पंडीवरून आठवलं. तो एका वाचकाच्या पत्रातून आला, हे माहीत आहे का? त्रिचीहून एका वाचकाने अशा वेंधळ्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या होत्या. टिंकलमध्ये तो १९८३ मध्ये आला. त्याला नाकडोळे दिले वाईरकरांनी, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर सुप्पंडी काढू लागल्या. म्हणजे आम्ही मुलांना जो सुप्पंडी वाचून दाखवतो तो अजून त्याच घरातला आहे.

आणि शिकारी शंभू वसंत हळबेंचा. टोपी डोळ्यांवर ओढलेला, भित्रा, नशिबाने शूर. त्याचे डोळे कधीच दिसत नाहीत. आमच्या घरात पैज लागायची की या अंकात तरी दिसतील. नाही दिसले.

वरणगावकर | २६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

टिंकल आम्हाला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मित्राकडून मिळायचं. तो इंग्रजी शाळेतला. एक टिंकल वाचायला दोन कैऱ्या आणि एक गणिताचा गृहपाठ, हा भाव. माझं इंग्रजी त्या गृहपाठाच्या जोरावर सुधारलं आणि त्याचं गणित कायमचं गेलं. तो आता बँकेत मॅनेजर आहे, म्हणून बँकेचं नाव लिहीत नाही.

अवांतर संपलं. मुद्द्यावर बोलायचं तर मला मूळ तक्रारच थोडी अन्यायाची वाटते. पै नसते तर वाईरकरांकडून कृष्ण काढून कुणी घेतला असता? पहिले काही अंक दुकानदार ठेवायलाही तयार नव्हते म्हणतात. त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, शाळांच्या पायऱ्या झिजवायच्या, लेखकाकडून बत्तीस पानांत बसेल अशी गोष्ट काढून घ्यायची, तपासायची, पोरांच्या पत्रांना अंकल पै म्हणून उत्तरं द्यायची, हे चित्र काढण्याइतकंच कष्टाचं आहे. संपादकाचं काम दिसत नाही. दिसलं तर समजा काम बिघडलंय.

तापीकाठचा | २६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

@वरणगावकर पटलं. पैंचं उणं करायचं नाहीच. वरातीत नवरदेव पुढे असतोच, पण बँडवाल्याला निदान जेवायला वाढावं एवढंच म्हणणं.

वरणगावकर | २६ फेब्रुवारी, रात्री ९:११

बँडवाल्याला आमच्याकडे आधी वाढतात. नाहीतर रात्री वाजवत नाही.

चित्रकला_मास्तर | २७ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

पेटीबद्दल कुणीच गंभीरपणे बोलत नाहीये (भरीतपुरी सोडून, आणि ते जरा जास्तच गंभीर आहेत), म्हणून सांगतो.

घरी ठेवणार असाल तर पत्र्याची पेटी जमिनीला टेकवू नका, खाली विटा घाला. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा. अंक उभे नकोत, आडवे ठेवा, वीसपेक्षा जास्त एकावर एक नको. स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतील तर त्या काढून दोऱ्याने शिवा, नाहीतर तो गंजच कागद खाईल. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, पावसाळ्यात घाम धरतो.

देणार असाल तर निम्मे द्या. ज्यांच्या दोन प्रती असतील त्या शाळेला. फाटू देत. पोरांच्या हातात फाटलेलं कॉमिक मला कपाटातल्या कोऱ्यापेक्षा जास्त आवडतं, संग्रहखोर माफ करा.

मी यंदा आठवीकडून एक प्रयोग करून घेतोय. नंदुरबारचा शिरीषकुमार, १९४२ चा, हातात तिरंगा घेऊन गोळ्या झेललेला शाळकरी मुलगा. सोळा चौकटी. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण पहिली चौकट काय असावी यावर दोन तास भांडण चाललं. एक म्हणते मिरवणूक, एक म्हणतो बंदूक. शेवटी एका मुलीने सुचवलं, सकाळी आई त्याला भाकरी वाढतेय, तिथून सुरू करू. मी गप्प बसलो. पुढचा प्रयोग खाज्या नाईकांचा करायचा आहे, सत्तावन्नच्या भिल्लांच्या लढ्याचा. पाड्यावरची तीन पोरं आत्ताच सातपुड्याचे डोंगर काढून तयार आहेत, आणि त्यांचा नायक सावळा आहे, स्पष्टबोल्यांना कळवावे.

स्पष्टबोल्या | २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:००

कळलं. उरलेलं मीठही परत. पहिला अंक मला विकत हवा, फुकट नको.

संग्रहखोर | २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४०

फाटू देत म्हणे! मास्तर, हे वाचून माझी दुपारची झोप गेली. पण कडुनिंब आणि विटा बरोबर.

तापीकाठचा | १ मार्च, रात्री १०:१५

काल अमळनेरला जाऊन आलो. बंधूंनी शिडी धरली, पण तोंडाने "रद्दी, रद्दी" चालूच होतं. पेटी उतरवली. वाळवी नाही, कसर आहे. एक उंदराचं घरटं होतं, ते 'बिरबल'च्या दोन अंकांचं केलेलं. हुशार उंदीर.

दोनशे सतरा अंक निघाले. एकोणतीस दुबार आहेत, ते मास्तरांच्या शाळेला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. भरीतपुरी, तुम्हाला एक टिंकल, तेही पाने १७ ते २० नसलेलं.

आता खरी गोष्ट. तळाशी 'कृष्ण' सापडला. माझा, तिसरीतला. धागा काढताना मी जे तावातावाने लिहिलं होतं ना, की चित्रकाराचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही वगैरे? मुखपृष्ठ उलटलं. जिथे चित्रकाराचं नाव छापलेलं असतं तिथे ब्लेडने खरवडलंय, कागद आरपार जाईस्तोवर. आणि बाजूला मार्जिनमध्ये शाई पेनने, वळणदार अक्षरात, 'चित्रे :' आणि पुढे माझं स्वतःचं नाव. आडनावासकट.

बंधूंना लगेच आठवलं. म्हणे वर्गात एका मुलीला दाखवायला मी हे केलं होतं, आणि तिने विचारलं, "मग एक काढून दाखव."

नीलम_धुळे | १ मार्च, रात्री १०:१९

मग? काढलंत?

तापीकाठचा | १ मार्च, रात्री १०:२६

काढलं. बकरी आली.